देवळात शिरलेली हडळ

वर्ध्याच्या टॉकीजला भुताचा एक सिनेमा लागला आणि त्यावरून आमच्या सेलूत आठ दिवस गदारोळ झाला. सिनेमा कोणीच पाहिला नव्हता, त्यामुळे सगळ्यांचं एकमत होतं. त्यातली हडळ म्हणे थेट देवळात शिरते.

"हडळ देवळात घुसते मंजे? देव काय झोपून राह्यला?" माझे सासरे कडाडले. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. सिनेमा बंद करावा असा अर्ज त्यांनीच लिहायचा, असं ठरलं. पण न पाहता लिहिणं त्यांना पटेना, आणि एकट्यानं सिनेमाला जाणं शोभेना. म्हणून सासूबाई आणि मी, वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली सून, अशा आम्हा दोघींना घेऊन ते दुपारच्या खेळाला मोटरनं वर्ध्याला निघाले. माझ्या आयुष्यातला पहिला सिनेमा मी असा धर्मरक्षणासाठी पाहिला.

सासूबाईंना दाराजवळची खुर्ची हवी होती, म्हणून मला सासऱ्यांशेजारी बसावं लागलं. वर्षभरात ते माझ्याशी एकदाही थेट बोलले नव्हते. पाणी हवं असलं तरी भिंतीला सांगत. पडद्यावर केस मोकळे सोडलेली हडळ आली आणि त्यांनी माझं मनगट गच्च धरलं. ती देवळात शिरून बाहेर येईपर्यंत सोडलं नाही. बांगड्या हातात रुतल्या.

पुढे ती हडळ घरातल्या सुनेच्या अंगात शिरते. मांत्रिक त्या पोरीला खांबाला बांधून ओल्या दोरानं झोडपतो. टॉकीजभर शिट्ट्या वाजल्या. सासऱ्यांनीही टाळ्या पिटल्या. सासूबाई खाली मान घालून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला. देवळाच्या विटंबनेवर दोन पानं भरली होती.

सासूबाईंनी विचारलं, "अन् त्या पोरीले बांधून मारलं, ते लिवलं का तुमी?"

"ते काऊन लिवू? अंगात आल्यावर मारावंच लागते."

"लागते," म्हणत त्या उठल्या. रोज भाकरी त्याच भाजत, त्या रात्री मी भाजल्या. सासूबाई जेवल्या नाहीत.

अर्ज पोचण्याआधीच सिनेमा वर्ध्यातून हलला. गावानं तो आपला विजय मानला.

परवा नातीनं तो सिनेमा मोबाईलवर शोधून काढला. हडळीला वर खेचणारी तार स्पष्ट दिसते, आणि देवळाचा कळस वाऱ्यानं हलतो. नात हसून हसून लोटपोट झाली. मग खांबाचा प्रसंग आला.

"आजी, पुढे ढकलू का?"

"नको. पाहू दे."

तिनं फक्त आवाज बंद केला. तेव्हा मला कळलं, ती पोर झालेली नटी किती चांगलं काम करत होती. ती ओरडतही नव्हती. मारणाऱ्याकडे नुसती पाहत होती. त्या सिनेमात आज टिकलेलं तेवढंच आहे. सिनेमा मागे नेऊन आम्ही नावांची पाटी पाहिली. हडळीचं नाव ठळक होतं, मांत्रिकाचंही. ती सून झालेली कोण, हे काही आम्हाला सापडलं नाही.