दोऱ्याले नातं नसते

माह्या नवऱ्याचा उजवा अंगठा लबाड हाये. लग्नाले इतके वर्ष झाले, तरी हे मले माहीत नव्हतं. मृणालच्या पायी माहीत झालं, आन् तवापासून माहं डोकं ठिकाणावर नाही.

मृणाल म्हणजे माह्या नणदेची, सुमनची पोट्टी. लोधीखेड्याची. आयटीआयत मेकॅनिक केलं, वर्गात एकटीच पोट्टी होती. तिथून सरळ आमच्या सौंसरच्या गॅरेजात आली. मामाचं गॅरेज असताना दुसऱ्याच्या दारी काहून जायचं? कोपऱ्यात एक जुनी मारुती धूळ खात पडली होती, तिच्यात कोंबड्या बसत. मृणालनं ती हाती घेतली. इंजिन उतरवलं, घासलं, परत बसवलं. वजन कमी व्हावं म्हणून मागची सीट, दाराचे पुठ्ठे, गालिचा, सारं काढून फेकलं. नखातलं काळं ऑइल साबणानं जात नव्हतं, तसेच हात घेऊन ती माह्या ताटाले ताट लावून जेवे. मले त्याचं कौतुकच होतं.

मंग नागपूरकडची शर्यत निघाली. उभी गाडी सरळ रस्त्यावर किती लवकर शेवटापावतो जाते, एवढंच पाहायचं. एका गाडीले एकच ड्रायव्हर. मृणाल म्हणे, मी चालवीन. गजानन म्हणे, शुभम चालवंन. गजानन म्हणजे माहा नवरा. हो, नाव घेऊन बोलून राहिली, आता मले त्याचं काही वाटत नाही. शुभम आमचा पोट्टा. शेवटी गजाननच चार लोकांसमोर बोलला, ज्याचा टायम कमी, त्याची सीट. मृणालनं त्या शब्दावर भरवसा ठेवला. मीही ठेवला.

गावाबाहेर एक लेआउट पडून हाये. प्लॉट विकले नाहीत, पण रस्ता मोठा झकास, संत्र्याच्या बगीच्यापावतो सरळ. सकाळी तिथं जायचो. गजानन शेवटच्या खांबाजवळ स्टॉपवॉच घेऊन उभा, मी बाजूले चहाचा थर्मास घेऊन. गाडी हलली का बटन दाबायचं, खांब ओलांडला का पुन्हा दाबायचं. रोज शुभमचाच टायम कमी येई. आता माहा सख्खा पोट्टा हाये, तरी सांगते, तो गियर असा टाकते जसं कोणी गव्हाचं पोतं आपटून राहिलं. मले नवल वाटे. एका सकाळी मी गाडीकडं पाहिलंच नाही, अंगठ्याकडं पाहिलं. मृणालची गाडी जागेवर उभी आन् इकडं बटन दाबून मोकळा. शुभमची गाडी धूळ उडवत निघाली तरी अंगठा निवांत. मी म्हटलं, "अहो, हे काय चाललं?" तर मलेच म्हणे, "तुले काय समजते त्यातलं? चहा दे."

मृणालले मी सांगितलं. ती भांडली नाही. तिनं आधी फोनमधलं ॲप लावून पाहिलं, पण गाडी सुटली हे फोनाले उशिरा समजे, एकाच धावेचे दोन फोन दोन टायम दाखवत. व्हिडिओ काढला तर रस्त्याचे दोन्ही टोकं एका चित्रात बसेना. मंग तिले आपला बैलांच्या शर्यतीचा पट आठवला. आमच्याकडच्या शंकरपटात पहिले बैलजोडीचा टायम हातानंच घेत, आन् घड्याळवाल्याच्या गावचीच जोडी जिंके. मारामाऱ्या होत. तवा लोकांनी दोन्हीकडं दोरा बांधला. पहिला तुटला का घड्याळ सुरू, दुसरा तुटला का बंद. बोटाले नातेवाईक असतात, दोऱ्याले नातं नसते.

तिनं कपडे वाळवायचे दोन चिमटे घेतले. त्यांच्या जबड्यात दोन-दोन टाचण्या, मधात प्लास्टिकची पट्टी, पट्टीले दोरा. गाडीनं दोरा ओढला का पट्टी निसटते, टाचण्या भिडतात, आन् वायरीतून घड्याळाच्या बोर्डापावतो खबर जाते. बोर्ड नागपूरहून आणला होता, बाकी सारं घरचं. चिमटे माह्याच दोरीवरचे.

पहिल्या दिवशी दोरा बांधला तो सवयीनं बैलाच्या मानेच्या उंचीवर. मृणालनं गाडी नेली तर टायम असा आला का शुभम पाहतच राहिला. मी तर खूश. पण ही पोट्टी गाडीतून उतरली आन् म्हणे, "मामी, हा टायम खोटा हाये." गाडीचं नाक दोऱ्याखालून आधीच निघून जात होतं, दोरा ओढला जाई तो काचेनं. गाडी चालू लागल्यावर घड्याळ सुरू होऊन राहिलं होतं. कोणाच्याही ध्यानात आलं नसतं. आपल्या फायद्याचा टायम तिनं आपल्या हातानं पुसला आन् दोरा खाली बंपरले आणून बांधला. सांगा बरं, अशा पोट्टीवर कोणी भरवसा ठेवणार नाही तं कोणावर ठेवणार?

दुसऱ्या सकाळी दोघांनी आळीपाळीनं गाडी पळवली. दर वेळेस मृणाल पुढं. थोडीथोडकी नाही, चांगली पुढं. शुभमनं मान खाली घातली. तो मनानं वाईट नाही, पण बापापुढं तोंड उघडत नाही. गजानननं बोर्डाकडं पाहिलं, चिमटा हातात घेऊन उघडून-मिटून पाहिला, आन् हसून म्हणे, "वा, पोरी. आता टायम पक्का मोजता येते. शर्यतीत शुभम चालवंन, मोजायचं काम तुह्याकडं."

माह्या अंगाची आग झाली. मी म्हटलं, "मोजलेल्याचं काय लोणचं घालता? ज्याचा टायम कमी त्याची सीट, कोण बोललं होतं?"

तो म्हणे, "उद्या लग्न होऊन जाईल तिचं. गॅरेजचं नाव कोण चालवणार, तिच्या सासरचे?"

थर्मास तिथंच फेकून मी पायी निघाली. मृणाल मागून आली, खांद्यावर वायरीचं गुंडाळं. मी तिच्यावरच कावली. म्हटलं, "तोंड शिवलं होतं का तुहं? एक शब्द काहून नाही बोलली मामाले?"

तशीच चालत ती म्हणे, "मामी, इतके दिवस मले वाटे, मोजण्यात चूक होऊन राहिली म्हणून सीट भेटत नाही. आता मोजणं बरोबर झालं."

दुसऱ्या दिवसापासून ती पांढुर्ण्याच्या एका गॅरेजात कामाले जाते. मी गजाननशी बोलत नाही.