बिदाईनंतरचा नकाशा

"जागा हाय ना? मंग टाकून देतो." कुणाचाही पेनड्राइव्ह हातात आला की भाऊंचं हे ठरलेलं वाक्य. जागा नसली तर ते करून घेत. माझे दार्जिलिंगचे फोटो त्यांनी असेच उडवले आणि वर मलाच म्हणाले, "साऱ्या फोटोत तूच होता ना? तू तं इथीच हायेस."

तुमच्याही गावात असा एखादा उपद्व्यापी असेल. आमचे भाऊ गेले, तरी झेरॉक्सच्या दुकानात माझा हात अजून खिशातला पेनड्राइव्ह झाकतो. फार आठवतात ते.

धानोऱ्यात त्यांचं झेरॉक्सचं दुकान. लग्नसराईत व्हिडिओ शूटिंग. शेजारी आमची छोटी संस्था. गावांच्या वनहक्क दाव्यांचे नकाशे आणि म्हाताऱ्यांचे जबाब आम्ही वेबसाइटवर ठेवायचो, कुणालाही केव्हाही बघता यावेत म्हणून. जबाबांचं शूटिंग भाऊंचंच.

"सगळं वर सुरक्षित आहे," मी ऐटीत सांगायचो.

"वर तं माहा आजाबी हाय. बोलाव बरं खाली."

स्वतःच्या कॉम्प्युटरवरही त्यांचा भरवसा नव्हता. वीज कडाडली की तो मरायचा. म्हणून हाती येईल त्या पेनड्राइव्हवर ते दाव्यांच्या प्रती टाकत. पुढे त्यांनी गुपचूप आणखी एक उद्योग आरंभला. ज्या गावची नवरी, त्या गावचा दावा तिच्या लग्नाच्या व्हिडिओला शेवटी जोडायचा. बिदाई झाली, नवरी रडली, की लगेच पडद्यावर बांबूच्या जंगलाचा नकाशा! एका नवरदेवाची आई दुकानात येऊन भांडली, "माह्या सुनेच्या मागं हे जंगल काऊन लावलं?"

"बाई, लग्नाचा व्हिडिओ कोणी पुसते काय?" भाऊ म्हणाले.

मग एका उन्हाळ्यात आमचा सर्व्हर बसला. सर्व्हरवाला फोन उचलेना, आणि भाऊंचा कॉम्प्युटर विजेने आधीच मेलेला. दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला एका गावाची सुनावणी होती. जंगलाची शीव सांगणारा म्हाताऱ्याचा जबाब हाच मुख्य पुरावा, आणि म्हातारा तर मागच्या वर्षीच वारलेला. गावाचं जंगल हातचं जाणार, या विचाराने मी रडकुंडीला आलो.

"रडून काऊन राह्यला बे? त्याच्या पोरीचं लग्न मीच शूट केलं ना!" भाऊंनी गाडी काढली.

पोरगी पेनड्राइव्ह देईना. "माह्या लग्नाचा हाय, मीच येतो," म्हणाली आणि आलीही.

सुनावणीत भाऊंनी मुद्दाम हळदीपासून लावलं. साहेब, शिपाई, सगळे रंगले.

"हा नाचणारा कोण?" साहेबांनी विचारलं.

"मीच, साहेब. कॅमेरा टेकवून ठेवला होता."

बिदाई आली तशी पोरगी उठली. "मी रोज इथीच बंद करतो. पुढं बाबा रडते, पाहवत नाई."

"थांब माय," भाऊ म्हणाले.

नकाशा आला. मग मोहाच्या झाडाखाली बसलेला तिचा बाप गोंडीत बोलू लागला, या नाल्यापासून त्या डोंगरापर्यंत जंगल आमचं. गोंडी जाणणाऱ्या कर्मचाऱ्याने एकेक वाक्य मराठीत सांगितलं, साहेबांनी लिहून घेतलं.

"जबाब नोंदवला. करा बंद," म्हणत साहेब उठले.

पोरीने भाऊंचा हात धरला. "नोका ना भाऊ. बाबा बोलून राह्यले अजून."

साहेब परत खुर्चीत बसले.