सभेत वाजवलेला आवाज

सुमनताईंचा मोबाईल अध्यक्षांच्या हातात होता आणि त्याला माईक लावून मी उभा होतो. ही चूक माझी. कोणी जबरदस्ती केली नव्हती.

गुजरातेत, डिंडोलीत आमच्या खानदेशी मंडळाची बैठक होती. सुमनताई नवागामच्या. नवरा वारलेला, घरी बसून साड्यांना खडे लावून पोट भरणाऱ्या. फोनवर एक जण भेटला. म्हणे धुळ्याकडचा, दुबईत इंजिनियर, बायको वारलेली. पाट लावतो म्हणाला. मग तिकिटाला पैसे, मग कस्टमला, मग दवाखान्याला. होतं नव्हतं ते घेऊन गायब झाला. दुसऱ्याच सकाळी त्या मंडळात आल्या. मागणं एवढंच होतं की पोलीस ठाण्यात कोणीतरी सोबत यावं. त्यांना गुजराती येत नाही.

अध्यक्ष म्हणाले, "पाठवू की. आधी समाजाला कळू दे, काय रंग उधळले ते." आणि हात पुढे केला. ताईंनी विश्वासाने फोन दिला.

स्पीकरमधून त्यांचा आवाज आला. लिहिता येत नाही म्हणून त्या बोलूनच निरोप पाठवायच्या, अहिराणीत. "तुमनं जेवन व्हयनं का? तुम्ही जेवा, मंग मी जेवसू."

मागून कोणीतरी ओरडलं, "दुबईले भाकर पोचनी का वं?"

सभा लोळली. सगळ्यात मोठ्याने मी हसलो.

कारण माझ्या खिशातही फोन होता. त्यात कविता होती. पुण्याची, विधवा, शिक्षिका. मीही विधुर. याच मंडळाने मला कितीदा सांगितलं होतं, "बाईशिवाय घर ओसाड असतं, तुझ्यासाठी बघू." माझा एकटेपणा म्हणजे अडचण. सुमनताईंचा म्हणजे चाळे.

मग अध्यक्षांनी त्या इंजिनियरचं उत्तर वाचलं. "तुझ्यासारखं साधं मन जगात उरलं नाही." हेच वाक्य त्या दिवशी सकाळी कविताने मला लिहिलं होतं. शब्दाला शब्द. तरी माईक हलू दिला नाही. उलट आणखी हसलो, कोणाला संशय नको म्हणून. आणि त्याच आठवड्यात कविताला पैसे पाठवले. सुमनताईंचा इंजिनियर खोटा, माझी कविता खरी. मूर्खपणालाही पुरुषाची ऐट असते.

सुमनताई फोन घेऊन एकट्या निघून गेल्या. ठाण्यात सोबत कोणी गेलं नाही, तक्रार राहूनच गेली.

महिन्याभराने कविताचा नंबर बंद झाला. तक्रारीला जायचं म्हणून सेठकडे सुट्टी मागायला गेलो. सेठ म्हणजे तेच अध्यक्ष. त्यांच्याच लूमच्या कारखान्यात मी मुकादम. गार केबिनमध्ये चहा चालला होता. ऐकून सेठचे डोळे चमकले.

"अरे वा! मुकादमालाही पाखरू भेटलं! आण फोन. हिशेबाच्या मेहताजींना हाक मार, त्यांनाही ऐकू दे."

माझा हात पुढे गेला होता. लाज याची वाटते. मागितलं की द्यायचं, ही सवय हाडात मुरलेली. मग मी हात मागे घेतला.

"देणार नाही."

"काय म्हणालास?"

"फोन पोलिसांना दाखवीन. तुम्हाला चहाबरोबर तोंडी लावायला काहीतरी हवंय, दुसरं काही नाही."

"उद्यापासून येऊ नकोस."

"बरं," म्हणालो.

हे समाजाचे पुढारी. कानबाई देवीच्या मिरवणुकीत फेटा बांधून पुढे चालणारे. फसवणारा निदान तोंड लपवून लुटतो. हे हार घालून, फोटो काढून माणसाची अब्रू खातात आणि वर ढेकर देतात. मी त्यांच्याच पंगतीत बसलो होतो.

ठाण्यातला हवालदारही हसला. "काका, आ उंमरे?"

"हो, या वयात. लिहा."

त्याने लिहिलं. लिहिता लिहिता म्हणाला, अशा वेळी लगेच यायचं असतं. ताबडतोब आलात तर पुष्कळदा पैसे वाटेतच थांबवता येतात. आता बघू.

मी बाकावर बसून राहिलो. सुमनताई दुसऱ्याच सकाळी आल्या होत्या. ती सकाळ आम्ही हसण्यात घालवली होती.

तिथून थेट नवागामला गेलो. ताई दारातच खडे लावत बसल्या होत्या. मी म्हणालो, "ताई, आत येऊ का? माफी मागायची आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "हसलात चारचौघांत. आता घरात लपून माफी कशाला? गल्लीत मागा, भाऊ."

आजूबाजूला बायका साड्यांचे धागे कापत होत्या. त्यांच्या कात्र्या थांबल्या. मी गल्लीच्या मधोमध उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"सुमनताई, तुम्ही मदत मागायला आलात आणि मी तुमचा तमाशा केला. मलाही तसंच फसवलं जात होतं. ते झाकायला मी तुम्हाला हसलो. मी भित्रा होतो. मला माफ करा. जमत नसेल तर करू नका. पण आत्ता ठाण्यात चला, मी सोबत येतो. आणि यापुढे या वस्तीत जो कोणी असा फसेल, त्याच्यासोबत मी जाईन. त्याचा फोन कोणाच्या हातात जाऊ देणार नाही."