जिन्यानं वर न जाणारी मशीन

महाडात माणूस फ्रीज घ्यायला गेला की रंग आणि दारं नंतर बघतो. आधी विचारतो, हा दोघांना उचलून जिन्यानं वर नेता येईल का? सावित्रीला पाणी चढलं की खालचं सगळं वरच्या मजल्यावर जातं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाहेरच्यांना याची गंमत वाटते. वाटू दे, त्यांच्या स्वयंपाकघरात कधी नदी शिरलेली नसते.

मुनाफच्या घरी हा नियम त्याच्या आईचा, बेगमचा होता. जे वर जात नाही ते घरात येत नाही. मुनाफ तेव्हा दोहाला सुतारकाम करत होता. इकडे त्याच्या धाकट्या भावानं, अर्शदनं, खालच्या खोलीत स्वतःचं काम सुरू करायचं ठरवलं, तेव्हा लाकूड कापायची टेबल सॉ आईनंच पसंत केली. पातळ पत्र्याच्या पायांची, हलकी. "तू नि मी मिळून सहज वर नेऊ," असं ती तेव्हा म्हणाली होती.

मागच्या मोठ्या पुरात अर्शदनं आधी आईला वर बसवलं. मग फळ्या वर नेल्या, हत्यारं नेली. शेवटी मशीन राहिली. पाणी कमरेला लागलं होतं. बेगम वरून ओरडत होती, राहू दे रे, राहू दे. पण जी वस्तू उचलता येते ती बुडताना बघायला अर्शदचं मन होईना. मशीन पोटाशी धरून तो अर्धा जिना चढला आणि त्याचा पाय घसरला. मशीन त्याच्या अंगावर पडली, आणि तो वर आलाच नाही. पाणी ओसरेपर्यंत बेगम वरच्या पायरीवर बसून होती.

मुनाफ कायमचा परत आला तो पन्नाशी गाठून. परक्यांसाठी दारं-कपाटं करून तो कंटाळला होता, आणि आई एकटी होती. खालच्या खोलीतच काम सुरू करू म्हणाला, तर बेगमचा चेहरा उतरला.

"त्या खोलीत मशीन आली तर मी या घरात राहायची नाय. सव गावाला बहिणीकडं जाईन."

मुनाफला हातची विद्या एकच येत होती. मशीन नाही तर पुन्हा दोहा. आणि आईचं वय असं, की या खेपेला गेला तर परत येऊन तिचं तोंड दिसेल याची खात्री कोण देणार?

तरीही तो महिपतीशेठच्या दुकानात गेला. शेठनं नवीकोरी, पाय घडी होणारी मशीन पुढं सरकवली.

"मुनाफभाई, महाडात हीच खपते. पाणी आलं की एकट्यानं वर न्या."

मुनाफनं ती चालू करून टेबलावर तळहात टेकला. थरथर थेट कोपरापर्यंत आली. असल्या मशीनवर फळी सरळ कापायची म्हणजे रोज तिच्याशी भांडण. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या जुन्या, बिडाच्या म्हणजे ओतीव लोखंडाच्या टेबलाच्या मशीनकडं गेली. तिच्यावर गुण्या लावून त्यानं पातं काटकोनात आहे ना ते पाहिलं, चालू केली, हात ठेवला. नुसता घुमारा, थरथर नाही. इतका वेळ तो सुतार होता. मग त्यानं एक कोपरा दोन्ही हातांनी उचलून पाहिला. मशीन तसूभरही हलली नाही. तो तिथंच उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

"अहो, ही वर कशी नेणार?" शेठ म्हणाले.

"न्यायचीच नाय, शेठ. म्हणून तर घेतोय."

शेठ अर्शदला ओळखत होते. त्यांनी पावतीपुस्तक पुढं ओढलं.

हमालांनी मशीन खालच्या खोलीत उतरवली, तेव्हा बेगम बोचकं बांधून दारातच बसली होती. गवंड्यानं जमिनीत बोल्ट गाडून मशीन पक्की केली आणि तो गेला. मुनाफ आईसमोर खाली बसला.

"अम्मी, एकदा ढकलून बघ."

"मला नाय बघायची."

"बघ गो. एकदाच."

बेगम उठली. तिनं एका हातानं मशीन ढकलली, मग दोन्ही हातांनी, मग खांदा लावून. म्हातारीला धाप लागली, पण मशीन जागची हलेना.

"पाणी आलं की?"

"बुडंल. पाणी उतरलं की धुऊन काढू, मोटार जळली तर दुसरी बसवू. मी तुझ्या आधी वर असंन. हिला उचलायचं माझ्या मनातसुद्धा यायचं नाय."

बेगम बराच वेळ बिडाच्या टेबलावर हात फिरवत राहिली. मग तिनं त्यावरच डोकं टेकलं. त्या पुरानंतर मुनाफनं तिला रडताना पाहिलं नव्हतं. आता ती मोठ्यानं रडली.

"माझ्या अर्शदला मी हलकी घेऊन दिली रे," ती म्हणाली. "हलकी."

मुनाफनं तिचे हात धरले. काही वेळानं तिनं पदरानं डोळे पुसले, टेबलही पुसलं, आणि बोचकं उचलून ती जिना चढून वर गेली.