दोन्ही याद्यांत नसलेलं नाव

बुधवार, २१ ऑक्टोबर १९३६. पाऊस उघडून आठ दिवस झाले होते. दादाच्या कागदांना बुरशी धरली होती, म्हणून सकाळीच दोन्ही ट्रंका अंगणात रिकाम्या केल्या. ज्या तट्ट्यावर आम्ही सुपारी वाळत घालतो त्यावर कागद पसरले आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून एकेका गठ्ठ्यावर नारळ ठेवला.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. अलिबागेत वकिली करायचा आणि बरीच वर्षं आमच्या जिल्ह्यातून मुंबईच्या कायदेकौन्सिलात सभासद होता. त्याच वर्षीच्या श्रावणात तो वारला. वहिनी मुलाकडे पुण्याला राहायला गेली आणि जाताना ट्रंका माझ्याकडे पाठवून दिल्या. कौन्सिलचे छापील अहवाल इंग्रजीत असत. ते मला वाचता येत, कारण लग्नाआधी दादानेच मला इंग्रजी शिकवलं होतं. आमच्या खोताच्या घरात त्या इंग्रजीचा एरवी काही उपयोग नव्हता.

आदल्या आठवड्यात अलिबागच्या वाचनालयाचे चिटणीस येऊन गेले होते. दादावर एक छोटं पुस्तक काढायचं ठरत होतं. कौन्सिलात त्याने कशाकशाच्या बाजूने मत दिलं आणि कशाच्या विरुद्ध, याची यादी त्यांना हवी होती. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी खरं काम सांगितलं.

"वेठीचा ठराव दोनदा आला होता, ताई. पहिल्या वेळी दादासाहेब एवढं बोलले. दुसऱ्या वेळी त्यांचं मतच नाही. लोक अजून म्हणतात, खोतांच्या सोयरिकीला भ्यायले. शोकसभेतसुद्धा एकाने विचारलं."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"आजारी होते म्हणालो. तुम्हाला चालणार असेल तर पुस्तकातही तेच घालू."

तो आजारी नव्हता.  पण यादी करून ठेवते, एवढंच मी म्हणाले.

म्हणून बुधवारी ती करायला बसले. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढली. एका बाजूला होकार, एका बाजूला नकार. अहवालात प्रत्येक मताच्या शेवटी दोन याद्या छापलेल्या असत, हो म्हणणाऱ्यांची एक आणि नाही म्हणणाऱ्यांची एक. दादाचं नाव शोधायचं आणि आपल्या पानावर उतरवायचं. सार्वजनिक विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हो. मुलींनाही शिक्षण सक्तीचं करावं, हो. शेतसारा वाढवावा, नाही. बहुतेक ठिकाणी तो हरणाऱ्या बाजूला होता. दहा वाजेपर्यंत एक ट्रंक झाली.

मग वेठीचा पहिला ठराव आला. खोतांनी कुळांकडून फुकट काम करून घेऊ नये, असा तो होता. दादाचं नाव होकारात. त्याचं भाषण चार पानं होतं. ठराव पडला. पण दादा गप्प बसणारा नव्हता. पुढच्याच महिन्यात त्याने आमच्या गावच्या देवळापुढे सभा घेतली आणि कुळांना सांगितलं, कायदा होईल तेव्हा होईल, तुम्ही उद्यापासून वेठीला जाऊ नका. त्या गावचे खोत माझे यजमान होते. सभा झाल्यावर दादा आमच्याकडेच जेवला.  दादाला ताक हवं का, तेवढं ह्यांनी मला विचारायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी एकही माणूस आला नाही. आमच्या घरचं भात कुळं कांडत, लाकूड फोडत, गोठा काढत, पावसाआधी पेंढ्याने गोठे शाकारत. ते सगळं बंद झालं. खोत काही मुसळ उचलत नसतात. मुसळ माझ्या हातात आलं. ज्येष्ठ आणि आषाढ मी भात कांडत होते, शेण काढत होते आणि मनात दादाच्या चार पानांच्या भाषणाला उत्तर देत होते. तो बरोबर होता हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणून राग कमी झाला नाही.

आता बांधाबद्दल सांगायला हवं. आमच्या गावची निम्मी शेती खाडीला लागून, समुद्राच्या पातळीखाली. मधे मातीचा बांध. बांध आहे तोवर भात, नाही तर खारं पाणी. आणि एकदा पाणी शिरलं की तीन पावसाळे तरी जमीन धुवून निघत नाही. उधाणाला बांध पाझरायला लागला की खोताच्या घरचा ढोल वाजायचा. ढोल ऐकला की तिन्ही पाड्यांतल्या प्रत्येक घराने एक माणूस आणि एक टोपली घेऊन धावायचं, आणि खोताच्या माळावरची माती खणून बांधावर टाकायची. ढोल वाजायच्या आधी कोणी बांधाला हात लावायचा नाही. लावला आणि बांध फुटला, तर तो त्याने फोडला असं धरत. वाडवडिलांपासून हे असंच होतं. ढोल आमच्या कोठीच्या खोलीत असायचा. वाजवायचा मान एका आगऱ्याच्या घराकडे होता. त्याचं शेत अगदी उघाडीला, म्हणजे पाणी सोडायच्या दाराला लागून होतं.

त्या वर्षी पिठोरीच्या दुसऱ्या दिवशी हे कोर्टाच्या तारखेला अलिबागेस गेले. निघताना जोडा घालता घालता म्हणाले, "उधाण आहे. ढोल द्यायचा नाही. फुकट काम नको ना त्यांना? बांधसुद्धा फुकटच आहे. मेहुण्यांना येऊन बांधू दे."

आठ-साडेआठला त्या वाजवणाऱ्याची बायको आली. ओहोटी संपून पाणी चढायला लागलं होतं. ती पायरीखाली उभी राहिली, गुडघ्यापर्यंत चिखल.

"बाय, उघाडीजवल पाझर हाय. खेकड्यांनी पार पोखरलाय. ढोल द्या."

"हे घरी नाहीत."

"खोत नसले तरी ढोल तं हाय ना घरात? बारा-एकपर्यंत येल हाय. त्यो उभा हाय थंय, वाट बघतोय."

तिच्यामागे अंगणाच्या कडेला तिचा नवरा उभा होता, दोन्ही टिपऱ्या कमरेला खोवून. मी मुसळ टाकून आले होते. तळहातांना फोड होते.

"कोठीला कुलूप आहे," मी म्हणाले. "किल्ली ह्यांच्याबरोबर अलिबागेस गेली."

किल्ली माझ्या कमरेला होती. जुडग्यातली सगळ्यात मोठी, पितळेची. तिने एकदा माझ्या कमरेकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. "बरं बाय," म्हणाली आणि गेली.

ती दोघं आणि शेजारची दोन घरं बांधावर गेली. हात लावला तर दोष माथी येईल हे माहीत असून गेली. पेंढा, चिखल, फाटकी जाळी, जे मिळेल ते कोंबत राहिली. बाकीचे पाडे आपापल्या दारात उभे होते. मी माडीवरून पाहत होते. लोक टोपल्या हातात घेऊन उभे होते, ढोलाची वाट बघत. कोणी आळशी नव्हतं, कोणी दुष्ट नव्हतं. साडेबाराच्या सुमारास बांध फुटला. आवाज फारसा झाला नाही. हिरवं शेत हळूहळू पांढुरकं दिसायला लागलं, एवढंच.

दादा दोन दिवसांनी आला. बांधावर जाऊन आला, हातपाय धुऊन पडवीत बसला.

"ढोल का नाही वाजला?"

"कोठीची किल्ली ह्यांच्याकडे होती." दुसऱ्यांदा सांगताना खोटं सोपं जातं.

"म्हणजे मला धडा शिकवायला तुझ्या नवऱ्याने गाव बुडवलं."

मी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. तो खाडीकडे वळून बसला.

"त्याला कशाला दोष देऊ? बोललो मी. मुंबईत उभं राहून हो म्हणायला माझं काय जातं गं? पाणी शिरतं ते दुसऱ्याच्या शेतात."

त्या वेळी सांगायला हवं होतं. किल्ली अजून कमरेलाच होती. मी त्याला ताट वाढलं.

वाजवणारा आणि त्याची बायको त्या दिवाळीनंतर उरणकडे मिठागरावर कामाला गेली. तो तिथेच तापाने गेला. तिसरा पावसाळा उलटल्यावर ती एकटी परत आली आणि जमीन कसायला लागली. मला रस्त्यात भेटली की "बऱ्या हाव ना बाय?" विचारायची. दादाला तिने काही सांगितलं नाही, कोणालाच नाही. मी मानत होते की तिने किल्ली ओळखली नसेल. माणूस सोयीचं तेवढं मानतो.

बुधवारी दुपारी दुसऱ्या ट्रंकेतल्या अहवालात वेठीचा दुसरा ठराव सापडला. बांध फुटल्यानंतर दीड वर्षाने आला होता. होकाराची यादी बोट ठेवून वाचली. नाव नाही. नकाराची वाचली. तिथेही नाही. पण त्याच दिवशी आधी झालेल्या दुसऱ्या एका मतात तो होता. म्हणजे सभागृहात आला होता आणि वेठीच्या वेळी उठून बाहेर गेला. अहवालाच्या कडेला त्याच्या अक्षरात शिसपेन्सिलीने दोनच शब्द होते: 'उघाडीजवळचं शेत.'

ठराव याही वेळी पडला, तोही चांगलाच. त्याच्या एका मताने काही फरक पडला नसता. हा हिशेब मी लगेच केला आणि तो बरोबरही आहे. पण त्यानंतर दादा वेठीवर कुठेही बोलला नाही आणि लोक त्याला भित्रा म्हणत राहिले. आपल्या बोलण्याने एक घर उठलं, एक माणूस मेला, असं धरून तो आठ वर्षं जगला. बोलणं त्याचं होतं. हुकूम ह्यांचा होता. पण त्या सकाळी हे पाच कोस दूर होते आणि किल्ली माझ्याकडे होती. दादा गेला तेव्हा हे वारूनही दोन वर्षं झाली होती, म्हणजे भीतीचंही कारण उरलं नव्हतं. मी फक्त सांगितलं नव्हतं.

ऊन कलल्यावर कागद गोळा केले, डांबराच्या गोळ्या घालून ट्रंका बंद केल्या. मग यादी पुरी केली. वेठीच्या दुसऱ्या ठरावापुढे दोन्ही रकाने कोरे ठेवले आणि खाली लिहिलं की दादा आजारी नव्हता आणि कोणाला भ्यायलाही नव्हता. आणि ढोलाची, कुलपाची व किल्लीची हकीकत आठ ओळींत, जशी घडली तशी. शेवटी माझी सही केली. चिटणीसांनी छापावं न छापावं, ते त्यांनी ठरवावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफाफा अलिबागच्या मोटारवाल्याकडे दिला. मग कोठी उघडून ढोल काढला. चामडं उंदरांनी एका बाजूने कुरतडलं होतं. तो काखेत घेऊन आगरी पाड्यावर गेले. वाजवणाऱ्याची बायको घरी नव्हती, बांधावर होती. अमावास्येच्या उधाणाने उघाडीजवळ थोडं खचलं होतं, ते एकटीच लिंपत होती.

मी म्हणाले, "त्या दिवशी किल्ली माझ्याकडे होती."

"म्हाईत हाय."

"दादाला का नाही सांगितलंस?"

"भावाला भैनीचं काय सांगायचं, बाय?" तिने हात न थांबवता म्हटलं. मग ढोलाकडे पाहिलं. "यो कोनासाठी आनलाव? वाजवनारा तं गेला."

 मी ढोल कोरड्यात ठेवला आणि सांगितलं, की आजपासून तो पाड्यात राहील आणि माळावरची माती कोणीही, कधीही, न विचारता न्यावी.

"मंग आलाच हाव तं ती टोपली घ्या," ती म्हणाली. "माती लांब हाय."

मी पदर खोचला आणि माळावर गेले. दुपारी पाणी चढायच्या आत आमच्या अकरा खेपा झाल्या.