पुलीवरचं कुंकू

गाडी पुन्हा फाट्‌कन बंदुकीसारखा बार काढून बंद पडली. चौथा दिवस होता. मेहरूणमधल्या आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा आता त्या आवाजाने उठत नव्हती.

पुढच्या खोलीत आबा, माझे वडील, खाटेवर पडून होते. झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्याच आठवड्यात आई गेली. गावी, असोद्याला आम्ही तिला अग्नी दिला तेव्हा आबा दवाखान्यात होते. आता डॉक्टर म्हणाले होते, फार दिवसांची आशा धरू नका. आबांना एकदा असोद्याला जायचं होतं, आणि जायचं ते याच गाडीतून, जिच्यात आई जन्मभर त्यांच्या शेजारी बसली. मी रिक्षा आणली, शेजाऱ्यांची मोठी गाडी आणली. त्यांनी डाव्या हाताने दाराची चौकट धरली आणि ढसाढसा रडले.

इंजिन मागे, पाण्याऐवजी वाऱ्यावर थंड होणारं. ‘विका हो ते भंगार’ असं वर्षानुवर्षं मीच म्हणत आलो होतो. धुळ्याकडचा एक मेकॅनिक आला, वाकून बघितलं न बघितलं आणि म्हणाला, “भाऊ, हाई बठ्ठं जुनं शे. स्कॅनर कोठे लावू?” कपाळ माझं!

ठिणगी पाडणारे पॉइंट मीच बदलले होते आणि त्यात टायमिंग बिघडवलं होतं. ठिणगी नेमक्या क्षणी पडायला हवी. त्यासाठी खालच्या पुलीवरची खूण इंजिनाच्या सांध्यासमोर आणायची, बल्ब जोडायचा आणि ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर फिरवत तो पेटेल तिथे आवळायचा. पुलीवर लाल ठिपका होता. गाडीची सगळी कामं आबा स्वतः करायचे, म्हणजे त्यांचीच खूण. ठिपका समोर, बल्ब पेटलेला, तरी इंजिन सुरू होईना. प्रत्येक बारागणिक आतून आबा खाटेवर हात आपटत होते.

शेवटी माझा तोल गेला. “मग या ना, तुम्हीच करा!” मी ओरडलो. ज्याला बोलता येत नाही त्या माणसावर ओरडलो. लाज वाटली, मग त्यांना खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून गाडीमागे आणलं.

“हीच ना खूण?” मी ठिपक्यावर बोट ठेवलं. त्यांनी मान हलवली, नाही. “अहो, तुम्हाला आठवत नाहीये!” पुन्हा नाही. मी ऐकेचना. तेव्हा ते वाकले. डावा अंगठा ठिपक्यावर टेकवून कितीतरी वेळ तसेच थांबले, आणि मग तो ठिपका त्यांनी घासून पुसून टाकला. चार बोटं पलीकडे नखाने ग्रीस खरवडलं. आत खाच होती, कानशीने पाडलेली.

मी ती खाच सांध्यासमोर आणली, बल्ब पेटला तिथे आवळलं, चावी फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू! “आबा, सुरू झाली! सुरू झाली बघा!” मी लहान पोरासारखा नाचत होतो.

आबा इंजिनाकडे बघतच नव्हते. लाल झालेल्या अंगठ्याकडे बघत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दसऱ्याला आई मिक्सरपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांना तेलात कालवलेलं कुंकू लावायची. गाडीच्या पुलीलाही, पुली फिरून जिथे थांबली असेल तिथे. हा ठिपका तिच्या शेवटच्या दसऱ्याचा होता.

त्यांनी अंगठा आत घेऊन मूठ मिटली. असोद्याच्या स्मशानापर्यंत ती उघडली नाही.