बाबांच्या मृत्यूचे कारण

उष्णतेची आर्थिक किंमत काढणे हे माझे काम आहे. पारा चढला की किती श्रम वाया जातात, किती माणसे दगावतात आणि त्यांतली किती धोरणाने वाचली असती, हे मी मांडते. बाबा बेसा भागात लोकांच्या गच्च्यांवर चढून कूलर दुरुस्त करत. गिऱ्हाइकांना ते सांगत, "माही पोरगी उन्हाचा अभ्यास करते, मी उन्हावर पोट भरतो. धंदा एकच."

दुपारी गच्चीवर चढण्यावरून आमचा दर मे महिन्यात वाद होई.

"चारनंतर जा न, बाबा."

"गरमी तं लोकायले आता होऊन राह्यली. चारनंतर मले काहून बोलावतील?"

मागच्या मे महिन्यात ते एका गच्चीवर कोसळले. घरमालकांनी त्यांना खाली आणून अंगावर माठातले पाणी ओतले. दवाखान्यात तापमान मोजेपर्यंत अंग बरेच निवले होते. तासाभरात श्वास थांबला.

तरुण डॉक्टर मला म्हणाले, "हृदयक्रिया बंद पडली, असं लिहितो. उष्माघात लिहायचा तर शवविच्छेदन लागेल."

उष्माघाताचे बळी नोंदींत का दिसत नाहीत, यावर मी व्याख्याने दिली आहेत. कुटुंबे नेमकी इथेच माघार घेतात, हे त्यांत ठासून सांगितले आहे. मी म्हटले, "करा."

आईने माझे मनगट धरले. "त्याइले चिरू नको देऊ वं. घरी नेऊ दे मले."

"आई, मग ते उन्हानं गेले हे कुठंच राहणार नाही."

"मले माहीत आहे न. आनखी कोनाले सांगाचं आहे?"

माझ्याकडे उत्तर होते, सुसंगत आणि पुराव्यांसह. आई वाकून बाबांच्या पायांवरची गच्चीची धूळ पदराने पुसू लागली. मी डॉक्टरांना सांगितले, "हृदयक्रियाच लिहा."

हिवाळ्यात माझा नवा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वाटाणे सोलताना आईने विचारले, "तुहे बाबा आले का वं त्यात?"

उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा जास्त झालेले सगळे मृत्यू, दाखल्यावर कारण काहीही असो, आम्ही उष्णतेच्या खात्यात धरतो. त्या अर्थी बाबा त्यात आहेत. दोन संख्यांमधल्या फरकात, कुठेतरी.

"आले," मी म्हणाले.

"नाव टाकलं?"

"नावं टाकत नाहीत, आई."

"टाकाचं होतं," ती म्हणाली.